पहिला नंबर कोणाचा?

कॅनडात राहायचे आणि आइस हॉकीबद्दल मत नाही म्हणायचे, हे पुण्यात राहून गणपतीबद्दल मत नसण्यासारखे आहे. माझे मत मात्र खेळापेक्षा दर उन्हाळ्यात होणाऱ्या ‘ड्राफ्ट’बद्दल जास्त आहे. एनएचएलचे संघ अठरा वर्षांच्या आसपासची मुले एकेक करून निवडतात. त्याच्या कितीतरी आधीपासून याद्या निघतात, आणि सगळ्या याद्यांत पहिले नाव बहुधा एकच असते.

१९९३ साली ते नाव अलेक्झांद्र डेग होते. ओटावाने त्याला पहिला निवडला आणि खेळाआधीच पाच वर्षांचा सव्वाबारा मिलियन डॉलरचा करार दिला. दुसरा आला क्रिस प्राँगर. प्राँगर २००० साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०१५ साली हॉल ऑफ फेममध्ये गेला. डेगच्या वाट्याला ‘फसलेला पहिला नंबर’ ही ओळख आली. उलट पावेल दात्सुक १९९८ साली १७१वा निवडला गेला आणि मार्टिन सेंट लुईला तर कोणी निवडलेच नाही. तो २००४ साली सर्वोत्तम ठरला.

एकमत नेहमी चुकते असे मी म्हणत नाही. २००५ साली क्रॉस्बी आणि २०१५ साली मॅकडेव्हिड यांच्याबद्दल सगळे बरोबरच होते. माझा प्रश्न वेगळा आहे. वीस जाणकार एकच नाव घेतात, तेव्हा त्या वीस साक्षी असतात की एकच साक्ष वीसदा नोंदलेली? स्काउट थंडगार रिंकमध्ये बसून मुलगा पाहतो खरा, पण त्याआधी त्याने इतरांच्या याद्या वाचलेल्या असतात. त्यात नोकरीचाही हिशोब आहे. सर्वांबरोबर चुकले तर ‘कोणाला कल्पना होती?’ म्हणून सुटता येते. एकट्याने चुकले तर जाब द्यावा लागतो. म्हणजे भित्र्या माणसाला शहाणपण आणि एकमत यांतला फरक दिसू न देण्याची सोय व्यवस्थेनेच केलेली आहे.

मुलाचे काय होते, हे मला जास्त टोचते. शेन राइटला पंधराव्या वर्षीच ओंटारिओच्या ज्युनिअर लीगमध्ये खास परवानगीने घेतले. २०२२चा पहिला नंबर त्याचाच, असे तेव्हापासून धरून चालले होते. मधला २०२०-२१चा हंगाम कोविडमुळे झालाच नाही. तो परतल्यावर तेच जाणकार त्याच्यातली खोट शोधू लागले. माँट्रियलने स्लाफकोव्हस्कीला पहिला घेतला, राइट चौथा गेला. जगात चौथा! आणि सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. अठरा वर्षांच्या मुलाने कोणते वचन मोडले होते? वचन तर इतरांनीच त्याच्या नावाने दिले होते.

आपण हसू नये. आमच्या वेळी बोर्डाची गुणवत्ता यादी होती. इथे तिसरी-चौथीत ‘गिफ्टेड’ची चाचणी असते, आणि मंडळाच्या कार्यक्रमात बटाटेवडा हातात घेऊन आपणही एकमेकांच्या मुलांचे ड्राफ्टच करत असतो.

शिवाय भाकीत स्वतःला खरेही करून घेते. इथे मुलांचे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. आठव्या वर्षी जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा आणि अंगाने थोराड. त्याला वरचा संघ, चांगला प्रशिक्षक आणि बर्फावर जास्त वेळ मिळतो. सतराव्या वर्षी तो खरोखरच सरस असतो! वरच्या स्तरावर वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले जास्त दिसतात, ती यामुळे.

आमच्या ओळखीतला एक मुलगा २८ डिसेंबरचा. वरच्या संघात कधी घेतला गेला नाही. सोळाव्या वर्षीही हाउस लीगमध्ये मजेत खेळतो. त्याची आजी सुनेला म्हणते, “चार दिवस आणखी कळ काढली असतीस तर?” सून म्हणते, “तुम्ही काढून बघायची होती!” तो तोवर बॅग उचलून रिंकवर पोचलेला असतो.