गोळी सुटली म्हणजे दुरुस्ती झाली?

कुणी सांगितलं तुला, ही रायफल दुरुस्त झाली म्हणून? बोल्टच्या तोंडावर चिकटलेलं पितळ खरवडलंस, तुटलेला एक्स्ट्रॅक्टर बदललास, बोल्टचे लग घासून चकचकीत केलेस, चार गोळ्या झाडून पाहिल्यास आणि बिल लिहून मोकळा झालास. मला एका शब्दानं विचारलं नाहीस. ते बिल मी फाडलंय. आता ऐकून घे, मध्ये बोलू नकोस.

कोल्हापुरात लेथवर वाढलेला पोरगा तू. तुझा हात चांगला आहे, हे मी चारचौघांत सांगतो. पण हात चालवण्याआधी मोजायचं असतं, हे इथं पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडून सांगतोय. हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टच्या तोंडापासून चेंबरमध्ये काडतूस टेकतं तिथपर्यंतचं अंतर, मोजायचे गेज त्या खणात आहेत. काढलेस? मी काढले. ‘नो-गो’वर बोल्ट बंद व्हायला नको, तो झाला. ‘फील्ड’वरही झाला. तिथंच या रायफलीचा निकाल लागला, आणि तू मात्र पॉलिश करत बसलास!

बोल्ट हातात घे. बंद कर. हलका बसला. आता उचल. अर्ध्यावर अडला ना? आता आरसा लावून रिसीव्हरच्या आत बघ, लग जिथं टेकतात तिथं. कड उभी राहिलेली दिसेल. दिसत नसेल तर आकडीचं टोक फिरव, अडकेल. मालकानं झाडलेल्या त्या एका जास्त दाबाच्या बारात लग मागच्या पोलादात रुतले आणि खळगा पडला. उघडताना त्यांना त्या खळग्याच्या कडेवर चढावं लागतं, म्हणून बोल्ट अडतो. यावर तुझा उपाय काय, तर लग टेकतात ती सीट घासून सपाट करू! अरे, ही माउजर ९८ आहे. हिचं पोलाद आतून मऊ, वरून कडक केलेलं. ती कडक साल मिलिमीटरच्या अंशाएवढी. ती घासून काढलीस की लग मऊ पोलादावर टेकणार, दर गोळीला आणखी रुतणार आणि हेडस्पेस वाढतच जाणार. मग एक दिवस काडतुसाची पुंगळी बुडाजवळ फाटेल. नेमका तेव्हा गाल कुंद्याला टेकलेला असेल.

‘सर, तडा तर कुठं दिसत नाही,’ म्हणालास. डोळ्यांवर एवढा भरवसा? अमेरिकन लष्कराच्या स्प्रिंगफील्ड १९०३ रायफलींची गोष्ट वर्गात झाली, तेव्हा कुठं होतास? सुरुवातीच्या आठ लाखांच्या आतल्या नंबरांचे रिसीव्हर तापवताना कारागीर पोलादाचा रंग नुसत्या नजरेनं ओळखायचे. चांगले मुरलेले कारागीर होते ते. पण लख्ख उन्हात आणि ढगाळ दिवशी तोच रंग वेगळा दिसतो. कित्येक रिसीव्हर जास्त तापले आणि ठिसूळ झाले. १९१७ मध्ये ते फुटायला लागले, तेव्हा कुठं लक्षात आलं. त्या मुरलेल्या लोकांची नजर चुकली, तिथं तुझ्या नजरेचं काय घेऊन बसलास? तडा शोधायचा तर चुंबकीय चाचणी करायची. आणि तडा नसला, तरी रुतलेली सीट रुतलेलीच राहते.

बोल्ट उघडलास तोही हातोडीनं. दांड्याच्या मुळाशी पडलेली खूण मला दिसत नाही, असं वाटलं? पुंगळी अडकून बसली असेल तर नळी शिकंज्यात धरायची, रिसीव्हरला पाना लावायचा आणि बोल्ट बंद ठेवूनच नळीचे आटे सोडायचे. वेळ लागतो. लागू दे.

ती पुंगळी कचऱ्याच्या डब्यात टाकली होतीस. मी उचलून आणली. बूड बघ: शिक्क्याची अक्षरं पुसट झालीत, टोपी गळून पडलीय, टोपीचं घर सैल झालंय, पितळ पसरून कडेला सांडलंय. पॉइंट २७० विंचेस्टरला कमाल दाब ठरलेला आहे, चौरस इंचाला ६५,००० पौंड. हे पितळ त्याच्या बरंच पुढं गेलंय. बोल्टमधली दोन भोकं आणि मागचं रुंद कवच यांनी तो वायू बाजूला वळवला, म्हणून मालकाचा डोळा वाचला. ती सोय करणाऱ्या पॉल माउजरचा स्वतःचा एक डोळा १९०१ मध्ये एका नव्या रायफलीच्या चाचणीत गेला. या कामात जीव जातो, याची तुला जाणीव आहे का?

आता सगळ्यांत मोठी चूक. दाब एवढा का चढला, हे तू मालकाला विचारलंच नाहीस. मी विचारलं. घरी काडतुसं भरतो तो. फळीवर दोन डबे शेजारी, एकावर ४८३१, दुसऱ्यावर ४८९५. पहिली दारू सावकाश जळणारी, दुसरी झपाट्यानं. पहिलीच्या मापानं दुसरी भरली असावी, असा माझा अंदाज आहे. एका काडतुसाची गोळी उपसून दाणे पाहिले की कळेल. पण त्या दिवशी त्यानं एकच काडतूस भरलं होतं का? अख्खी पेटी भरली होती! उरलेली त्याच्या घरात आहेत. तू त्याच्या हातात कमकुवत झालेली रायफल देणार होतास आणि तीच काडतुसं त्याच्याकडे राहू देणार होतास.

त्याच्या आजोबांची रायफल आहे, तो हळहळेल, हे मलाही कळतं. मलाही वाईट वाटतंय. लाकूड वाचेल, दुर्बीण वाचेल. नळीत शिशाची गोळी ढकलून आणि चेंबर मोजून ठीक निघाली तर नळी दुसऱ्या रिसीव्हरला लागेल. हा रिसीव्हर मात्र गेला. इथल्या, अमेरिकेतल्या कायद्यानं रिसीव्हर म्हणजेच बंदूक, तेव्हा मालकाची संमती घ्यायची, वहीत नोंद करायची आणि तो कापायचा. कापेपर्यंत बोल्ट माझ्या कपाटात, कुलपात राहील.

आणि आता फोन उचल. उरलेल्या काडतुसांपैकी एकही झाडायचं नाही, सगळी पेटी आणि दोन्ही डबे घेऊन यायचं, असं त्याला सांग. एल्कची शिकार सुरू व्हायला आली आहे, आणि त्याच्या घरात आणखी एक पॉइंट २७० आहे.