पुढचा विश्वस्त कोण?

सार्वजनिक ट्रस्टची नोंदणी करताना जो अर्ज भरावा लागतो, त्यात ट्रस्टचं नाव, पत्ता, मालमत्तेची यादी, तिची अंदाजे किंमत, वर्षाचं उत्पन्न आणि खर्च विचारलेला असतो. ही सगळी माहिती मी एका रात्रीत भरून टाकली. आणखी एक रकाना असतो: विश्वस्तपदाच्या उत्तराधिकाराची पद्धत. म्हणजे आजचे विश्वस्त गेले, थकले किंवा सोडून गेले, तर त्यांच्या जागी कोण आणि कसं येणार. तो आमच्याकडे दिवाळीपासून रिकामा आहे.

बार्शीटाकळीतलं जुनं घर आजीच्या नावावर आहे आणि तिला ते अभ्यासिकेसाठी द्यायचंय. तलाठी, पोलीस भरती, एमपीएससी करणारी गावातली पोरं अकोल्यात खोली करून राहतात. ज्यांना भाडं झेपत नाही ती घरीच, टीव्हीच्या आवाजात वाचतात. मी इंजिनिअर, म्हणून कागदाचं काम पुण्यात बसलेल्या माझ्याकडे आलं.

बाबांचं म्हणणं सरळ आहे. "घर आपलं हाये, तं ट्रस्टी बी आपलेच पायजेत. माह्यानंतर तू, तुह्यानंतर तुहा पोरगा."

कायद्याची याला हरकत नाही. वंशपरंपरागत विश्वस्त चालतात. म्हणजे प्रश्न कायद्याचा उरतच नाही. दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याच्या घराण्याचा हात किती काळ असावा, हा तो प्रश्न आहे.

खरं तर घराण्यासाठीच ट्रस्ट करायचा असेल तर वेगळी सोय आहे. १८८२ चा भारतीय विश्वस्त कायदा खाजगी ट्रस्टसाठी आहे. त्यात लाभार्थी ठरलेले असतात: माझी मुलं, माझी नातवंडं. सार्वजनिक ट्रस्ट मात्र महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदवावा लागतो. या दोन्हींत मला सगळ्यात विचार करायला लावणारा फरक मुदतीचा वाटला. पुढच्या पिढ्यांसाठी मालमत्ता अडकवून ठेवायला कायद्याने मर्यादा घातली आहे. ढोबळमानाने, आज हयात असलेल्यांचं आयुष्य आणि त्यापुढे एक मूल सज्ञान होईपर्यंतची अठरा वर्षं. लोकांच्या भल्यासाठी दिलेल्या मालमत्तेला ही मर्यादा नाही. आपल्या पणतूला बांधून ठेवायचा हक्क कायदा देत नाही, पण अनोळखी पोरांसाठी घर कायमचं ठेवू देतो. बाबांना मात्र या 'कायमचं'मधूनच पणतूसाठी जागा काढायची आहे.

नोंदणी झाली की घर आपलं राहत नाही, हे घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. मी कलम ३६ वाचून दाखवलं. विश्वस्तांना जागा विकायची, बदलायची किंवा लांब मुदतीने भाड्याने द्यायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. यावर बाबा शांत राहिले. मग कलम ५० आलं. कारभारात गैरप्रकार झाला तर ट्रस्टचे लाभार्थीसुद्धा आयुक्तांची लेखी संमती घेऊन विश्वस्तांविरुद्ध दावा लावू शकतात. लाभार्थी म्हणजे आमच्या अभ्यासिकेत बसणारी पोरं.

"म्हंजे जागा आपनच द्याची, अन् केस बी आपल्यावरच?"

हो. माझ्या मते दान आणि उपकार यांतला फरक इथे आहे. उपकार घेणाऱ्याला जाब विचारता येत नाही. पंखा बंद आहे असं म्हणतानाही तो आधी आभार मानतो. ज्याला हिशोब मागायचा हक्क आहे त्याला ती जागा खरोखर मिळालेली असते.

वऱ्हाडात याची उदाहरणं लांब शोधावी लागत नाहीत. शेगावचं संस्थान १९०८ मध्ये स्थापन झालं, गजानन महाराजांच्या समाधीच्या दोन वर्षं आधी. ज्यांच्या नावाने सगळं उभं राहणार होतं ते समोर असतानाच व्यवस्था लोकांच्या हाती गेली. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा तर पुढे गेले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. स्वतः उभी केलेली वास्तू दुसऱ्याच संस्थेला देणं म्हणजे उत्तराधिकाराचा रकाना भरणंच की.

पण बाबांची बाजू मला खोडता आलेली नाही. ते विचारतात, सार्वजनिक नळाची तोटी तुटली तर कोण बदलतं? बाहेरचे लोक घेतले की दोन गट पडतात, दोघेही आपापल्या विश्वस्तांच्या नावाचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात टाकतात आणि दरम्यान खोलीला कुलूप. हे महाराष्ट्रात कित्येक ट्रस्टमध्ये चालू असतं. आपलेपणाशिवाय जागा टिकत नाही, हे मलाही पटतं.

फक्त आपलेपणा रक्तातून येतो का? दर वर्षी मृगाच्या आधी त्या घराची कवेलू बाबा स्वतः फेरतात. वंशपरंपरेने पुढचा विश्वस्त मी, जो दिवाळीला आणि जमलं तर पोळ्याला गावात येतो. छत कुठे गळतं हे तिथे रोज बसणाऱ्या पोराला माझ्याआधी कळेल. आमच्या ऑफिसात माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी त्याचा अॅक्सेस काढून घेतात आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. घरात हे बोललो असतो तर जेवण मिळालं नसतं.

सध्याचा मसुदा असा आहे: पाच विश्वस्त, पाच वर्षांची मुदत. निदान एक जण त्या अभ्यासिकेत बसून गेलेला असावा. घरातले जास्तीत जास्त दोन. बाबांनी 'जास्तीत जास्त' खोडून 'किमान' केलंय, मी परत 'जास्तीत जास्त' केलंय. विश्वस्तपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवताना सही आजीची लागणार आहे. तिला दोन्ही कागद वाचून दाखवले. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "पोरं कवा बसतीन?"