पेशीचं रक्षण, पण कशापासून?

‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द आता सरबतापासून फेसक्रीमपर्यंत सगळीकडे छापलेला दिसतो. त्यामागचा तर्क सरळ आहे. पेशी प्राणवायू वापरते तेव्हा फ्री रॅडिकल्स नावाचे अस्थिर रेणू तयार होतात, ते डीएनएला आणि प्रथिनांना इजा करतात. मग त्यांना निकामी करणारी गोळी घेतली की पेशी सुरक्षित. हा तर्क माणसांवर तपासला गेला. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. १९९४ साली निष्कर्ष आले, तेव्हा बीटा कॅरोटिन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त निघालं.

तर्क चुकला, कारण त्याने फ्री रॅडिकल्सना निव्वळ शत्रू मानलं. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारतात त्या याच रसायनांच्या जोरावर. व्यायामाने स्नायूंत वाढणारा त्यांचा भार, म्हणजे ऑक्सिडेटिव्ह ताण, हा शरीराला मिळालेला निरोपच असतो: तयारी वाढव. तो ताण सरसकट पुसून टाकला, तर निरोपही पुसला जातो.

पेशीकडे स्वतःची व्यवस्था आहे. एनआरएफ२ हे प्रथिन एरवी दाबून ठेवलेलं असतं. ताण वाढला की ते केंद्रकात शिरतं आणि संरक्षक जनुकं चालू करतं. ही व्यवस्था जागी करणारं ओमाव्हेलोक्सोलोन हे औषध २०२३ साली अमेरिकेत फ्रिडरिक अटॅक्सिया या मज्जातंतूंच्या दुर्मिळ विकारासाठी मंजूर झालं. त्याच कुळातल्या बार्डोक्सोलोनची मधुमेही मूत्रपिंडरुग्णांवरची चाचणी मात्र २०१२ मध्ये थांबवावी लागली. हृदय निकामी होण्याचा धोका वाढला होता. शिवाय फुफ्फुसाच्या काही कर्करोगांत हेच एनआरएफ२ कायमचं चालू असतं, आणि तिथे ते गाठीला जपतं. रक्षण करताना पेशी चांगली की वाईट, हे ते बघत नाही.

म्हणून मला सगळ्यात शहाणं औषध वाटतं ते जुनंच, पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेवरचा उतारा असलेलं एन-ॲसिटिलसिस्टिन. पॅरासिटामॉलचा थोडा अंश यकृतात विषारी होतो आणि ग्लुटाथायोन हे पेशीतलं रक्षक रसायन त्याला लगेच बांधून टाकतं. गोळ्या फार झाल्या की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. पहिल्या दिवशी रोगी बरा दिसतो, बोलतो, घरी जाऊ द्या म्हणतो. सडक्या अंड्यासारखा वास येणारं एन-ॲसिटिलसिस्टिन ग्लुटाथायोनसाठी लागणारा कच्चा माल पुरवतं. आठ तासांच्या आत सुरू झालं, तर यकृत बहुधा वाचतं.

इथे इजा कोणती, उणीव कशाची आणि वेळ किती, हे तिन्ही ठाऊक आहे. ते ठाऊक नसताना दिलेलं संरक्षण हा निव्वळ अंदाज असतो, आणि निरोगी माणसाच्या शरीरावर असले अंदाज करण्याचा हक्क कुठल्याही जाहिरातीला नाही. आपला पैसा आणि आग्रह लागायला हवा तो वेगळ्या ठिकाणी: जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीतलं हे औषध तालुक्याच्या रुग्णालयात, रात्री दोन वाजताही, हाताशी असण्यासाठी.