दान की देणे?

मलकापूरच्या रेल्वे स्थानकावर गाडी येण्यापूर्वी ध्वनिक्षेपकावरून तिची सूचना दिली जाते. डोळस प्रवासी फलक वाचतो, अंध प्रवासी ती सूचना ऐकतो. गाडी मात्र दोघांना एकच मिळते. अंध प्रवाशावर आपण उपकार केला, असे तेथे कोणालाही वाटत नाही.

हीच गोष्ट शाळेच्या वर्गात आली की आपली भाषा बदलते. दृष्टी अधू असलेल्या मुलीला लॅपटॉप दिला की ते ‘दान’ ठरते. हारतुरे होतात, छायाचित्र निघते. आणि शेजारच्या पालकांच्या मनात प्रश्न उभा राहतो : गरज तर माझ्याही मुलाला आहे, मग तिलाच का?

हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. कापसाच्या भावावर वर्षाचा संसार चालवणाऱ्या आपल्या तालुक्यात लॅपटॉप ही अनेक घरांच्या आवाक्याबाहेरची वस्तू आहे. परंतु सर्वांना एकच माप लावणे म्हणजे न्याय नव्हे. छापील पुस्तक वर्गात सर्वांना सारखेच मिळते. ज्या मुलीला ते वाचता येत नाही, तिच्या हाती मात्र नुसता कागद पडतो. तिला लॅपटॉप देणे म्हणजे इतरांहून अधिक देणे नव्हे. इतरांना जे पूर्वीच मिळाले, ते तिला प्रथमच देणे होय.

कायद्यानेही हे मान्य केले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ अन्वये किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत पुस्तके, अध्ययन साहित्य व योग्य सहायक साधने विनामूल्य पुरवणे, हे शासनाचे व स्थानिक प्राधिकरणांचे कर्तव्य आहे. ज्याच्या प्रमाणपत्रावर याहून कमी आकडा आहे, त्या मुलाची अडचण मात्र त्या आकड्याने संपत नाही. तेथे समाजाने पुढे यावयास हवे.

तथापि वस्तू हाती दिली म्हणजे देणे फिटले, असेही नाही. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी ‘एनव्हीडीए’ ही प्रणाली २००६ साली ऑस्ट्रेलियात आकारास येऊ लागली. मायकल करन व जेम्स टेह या दोन दृष्टिहीन तरुणांनी ती घडवली. ती विनामूल्य आहे आणि मराठीही वाचते. परंतु पाठाचे पान म्हणजे केवळ छायाचित्र असेल, तर ती मूक राहते. मजकूर जुन्या फाँटात टंकलेला असेल, तर काहीतरी निरर्थक बडबडते. मजकूर युनिकोडमध्ये हवा. शिवाय कळफलक शिकवणारे कोणी हवे, आणि उत्तरपत्रिका त्याच साधनावर लिहू देणारे शिक्षकही हवेत. यांवाचून लॅपटॉप कपाटात धूळ खात पडतो आणि आपल्याजवळ ते छायाचित्र तेवढे उरते.

एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने मुंबईत कर्णबधिर मुलांसाठी शाळा निघाली. देशातील अशा आद्य शाळांत तिची गणना होते. त्या काळी आजची साधने नव्हती. मुलाजवळ बसून रोज शिकवणारी माणसे होती. आज साधने आली, म्हणून त्या माणसांची गरज सरलेली नाही.

आंधळा बार्तिमय प्रभू येशूपुढे आला, तेव्हा त्याला काय हवे ते उघड दिसत होते. तरीही प्रभूने त्याला आधी विचारले. आपण मात्र विचारण्यापूर्वीच खरेदी करतो. एखाद्या मुलाला लॅपटॉप नको असेल. मोठ्या अक्षरांतील पुस्तक आणि फळ्याजवळची जागा एवढ्यानेच त्याचे काम भागेल. दुसऱ्याला लिहिण्यासाठी थोडा अधिक वेळ हवा असेल.

तेव्हा वाचकहो, आपल्या शाळेत असे मूल असेल, तर समारंभाची तारीख ठरवण्याआधी त्याच्याशेजारी बसून त्याला विचारावे. त्याचे उत्तर ऐकून घेतले, की देण्याघेण्यातील उपकाराची भाषा आपोआप गळून पडेल.