बंध, भक्ती आणि हत्तीण

येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा जन्माने लाभलेला धर्म नाकारण्याचा माणसाचा अधिकार जाहीरपणे मांडला गेला. धर्मकार्यासाठी पाळलेल्या प्राण्याला मात्र असा नकार उच्चारताच येत नाही, आणि कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणीच्या जैन मठातील महादेवी ऊर्फ माधुरी या हत्तिणीच्या प्रकरणाचा गाभा हाच आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिला गुजरातमधील जामनगरच्या हत्ती कल्याण केंद्रात हलवण्याचा आदेश कायम ठेवताना धार्मिक वापराच्या हक्कापेक्षा तिच्या चांगल्या जगण्याचा हक्क वरचढ मानला. हा विचार जैन परंपरेला परका नाही, कारण तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे, म्हणजे गृहस्थाने पाळायच्या मर्यादित अहिंसाव्रताचे, जे अतिचार किंवा दोष सांगितले आहेत, त्यांत ‘बंध’ म्हणजे जखडून ठेवणे आणि ‘अतिभारारोपण’ म्हणजे झेपेल त्यापलीकडे ओझे लादणे यांचाही समावेश होतो. निरोपाच्या वेळी नांदणीकरांनी व्यक्त केलेले दुःख खोटे म्हणता येणार नाही. तरीही तीन दशकांचा तो जिव्हाळा माणसांच्या मनाविषयी बोलतो, आणि कळपात वाढणाऱ्या मादीच्या एकटेपणाची भरपाई त्याने होत नाही. अर्थात जामनगरला जातानाही तिची संमती कोणी घेतली नव्हती, कारण ती घेण्याची रीत ना मठापाशी आहे, ना न्यायालयापाशी.