जुन्या मोटारीला नवा कंठ

देवळाचा जीर्णोद्धार कसा करावा, यावर आपल्या मंडळींत जेवढा खल होतो, त्याच्या शतांशही खल घरातल्या जुन्या वस्तूंविषयी होत नाही. वस्तुतः प्रश्न एकाच जातीचा आहे. पूर्वीच्यांनी घडविलेली वस्तू आपल्या हाती आली; तिच्यात आपल्या सोयीसाठी किती बदल करण्याचा आपल्याला अधिकार आहे? देवळाच्या बाबतीत भक्तिभावनेमुळे विचार गढूळ होण्याचा संभव असतो. म्हणून मी मुद्दाम एक अगदी ऐहिक, किंबहुना चैनीचे उदाहरण घेतो. दोन माणसांपुरती, उघड्या छताची, निव्वळ हौसेसाठी बांधलेली जुनी स्पोर्ट्स मोटार. आणि तिच्यातले जुने स्पीकर काढून नवे, अधिक चांगले स्पीकर बसविण्याची मालकाची इच्छा. ही इच्छा योग्य की अयोग्य?

कोणी म्हणेल, मोटार त्याची, कान त्याचे, पैसा त्याचा. यात धर्माधर्म कसला? हा आक्षेप वाटतो तितका बळकट नाही. उणकलला तळ्याच्या काठी सायंकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी थोडेच लोक आत गावात, घरांच्या दाटीत उभ्या असलेल्या चंद्रमौळेश्वरापर्यंत जातात. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले ते चतुर्मुख लिंगाचे मंदिर आज संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या सभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास कायद्याने मनाई आहे. शेजारच्या घराचा मालक 'घर माझे, पैसा माझा' असे म्हणू शकतो, म्हणतोही. तरी त्याच्या मालकीला मर्यादा आहे, हे आपण मान्य केले आहे. मग प्रश्न एवढाच उरतो, की ही मर्यादा दगडापाशीच थांबते की लोखंड, काचतंतू आणि कागद यांनाही लागू होते?

समजा, उणकलच्याच एखाद्या गृहस्थांकडे 'सॅन स्टॉर्म' आहे. आपल्या गोव्यात तयार झालेली ही दोन आसनांची मोटार १९९८ साली बाजारात आली. काचतंतूंचे अंग आणि रेनो कंपनीचे ११४९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन. थोड्याच गाड्या निघाल्या आणि पुढे उत्पादन बंद पडले. किंवा समजा, त्यांच्याकडे वडिलार्जित 'एम. जी. बी.' आहे, १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडात लाखांनी बनलेली. दोन्ही गाड्यांत मालकाची तक्रार एकच: आवाज फाटतो, वरचे स्वर विझतात, गाडीने वेग घेतला की वाऱ्यापुढे गाणे ऐकूच येत नाही.

स्पीकर म्हणजे तरी काय? लोहचुंबकाच्या पोकळीत तारेचे एक वेटोळे आणि त्याला चिकटविलेला कागदाचा शंकू. वेटोळे हलते, शंकू हवा हलवितो. राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ च्या सुमारास सिद्ध केलेली ही रचना मूलतः आजही तीच आहे. परंतु कागद दमटपणाने सैल पडतो, आणि शंकूच्या काठाला फेसाचे कडे असेल तर ते पंधरा-वीस वर्षांत भुगा होऊन गळते. म्हणजे 'मूळचाच स्पीकर ठेवा' असे सांगणारा मनुष्य पुष्कळदा मूळच्या स्पीकरच्या प्रेताचे रक्षण करीत असतो. शिवाय साठीच्या दशकातल्या अशा मोटारींत रेडिओ ही जादा किमतीची वस्तू असे, आणि अनेकदा ती विक्रेताच आपल्या दुकानी बसवून देई. ज्याला आपण 'मूळ' म्हणून कवटाळतो ते कारागिराच्या मनात नव्हतेच, असेही निघते.

तरीही मूळ जपू पाहणाऱ्याची बाजू मी क्षुल्लक मानीत नाही. तो केवळ हळवा नसतो. धारवाडची आकाशवाणी १९५० साली सुरू झाली. मल्लिकार्जुन मन्सूर यांनी तिथे संगीताचे सल्लागार म्हणून काम केले. मध्यम लहरींवरून येणाऱ्या त्या ध्वनीला वरच्या पट्टीची मर्यादा होती, आणि डॅशबोर्डखालचा एकुलता एक कागदी स्पीकर त्या मर्यादेला अगदी साजेसा होता. मनुष्याचा कंठ त्यातून स्पष्ट उतरे. तो स्पीकर निकृष्ट नव्हता, आपल्या काळाशी जुळलेला होता. त्याला काढून टाकताना एका काळाचे ऐकणेच आपण काढून टाकतो, हे म्हणणे खरे आहे.

आता आपल्या परंपरेकडे वळू. मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद पुष्कळांना ठाऊक असेल. चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, असे विचारीत नागसेनाने राजाला दाखविले की सुट्या भागांत रथ कुठेच सापडत नाही. 'रथ' हे केवळ व्यवहाराचे नाव. पुरीला तर हा सिद्धांत दर वर्षी डोळ्यांपुढे उभा राहतो. जगन्नाथाचा सोळा चाकांचा नंदिघोष दर वर्षी नव्या लाकडाचा घडतो, आणि तरी तो नंदिघोषच असतो. नवकलेवराच्या वर्षी, शेवटचे २०१५ साली, मूर्तीही नव्या होतात. जुन्या मूर्तीतील ब्रह्मपदार्थ तेवढा नव्या मूर्तीत जातो. याउलट चंद्रमौळेश्वराचा एखादा कोरीव खांब काढून तिथे कालचा खांब उभा केला, तर मंदिर नवे झाले असे कोणी म्हणणार नाही; खांब गेला असेच म्हणेल. काही वस्तूंचे सातत्य आकृतीत आणि नावात असते, काहींचे त्या विशिष्ट द्रव्यात. आपल्या चर्चांत या दोहोंची सरमिसळ होते, आणि पुरीचा दाखला देऊन चालुक्यांचा दगड फोडला जातो.

जुनी मोटार या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. टायर, पट्टे, बॅटरी यांच्या बाबतीत ती नंदिघोष आहे; ते बदलावेतच, नाही तर रथ चालणार नाही. अंग, सांगाडा आणि इंजिन यांच्या बाबतीत ती चंद्रमौळेश्वर आहे. स्पीकर कोणत्या बाजूला पडतो?

याचे उत्तर मला मोटारीपेक्षा तंबोऱ्यात अधिक स्पष्ट दिसते. हुबळी-धारवाडच्या घरांत तंबोरा ही परकी वस्तू नव्हे, आणि मिरजेचे कारागीरही फार दूर नाहीत. तंबोऱ्याच्या तारा तुटतात, गंजतात, बदलल्या जातात. त्याबद्दल कोणी सुतक पाळीत नाही. घोडीची जवारी काढताना मात्र चांगला कारागीर हात आखडता घेतो, कारण कानशीने घासलेले परत येत नाही. प्रत्येक जवारी घोडीच्या आयुष्यातून थोडेसे घेऊनच जाते. आणि भोपळ्याला भोक पाडण्याचा विचार कोणाच्या मनातही येत नाही. नवा स्पीकर जुन्याच जागी, जुन्याच स्क्रूंवर बसला, तर ती तार बदलणे झाले. त्यासाठी जाळी थोडी कोरली, तर जवारी झाली. पण मोठा स्पीकर बसावा म्हणून दाराचा पत्रा किंवा काचतंतूंचे अंग गोल कापले, तर तो भोपळ्यावरचा घाव होय. स्पीकर पुढल्या मालकाला काढता येईल. भोक त्याला काढता येणार नाही.

कायद्यालाही असेच काही जाणवलेले दिसते. आपल्या देशात २०२१ साली केलेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते; सांगाडा, अंगाचे कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. स्पीकरचा उल्लेख नाही. इमारतींच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद झाली तिचेही म्हणणे असे, की नवा भाग एकंदरीत शोभावा, परंतु जुन्यापासून वेगळा ओळखू यावा. म्हणजे नवा स्पीकर बसवून त्यावर जुनाट दिसणारी खोटी नाममुद्रा चिकटविणे, हे मला साध्या बदलापेक्षा अधिक अनुचित वाटते.

येथे थांबलो असतो तर निबंध सोयीस्कर झाला असता. पण 'परत पूर्ववत करता येते' ही कसोटी पुरेशी नाही, असे माझे मत आहे. परत करता येणारी गोष्टही अनिष्ट असू शकते. आणि येथे खरा धोका दुसरीकडेच आहे.

नवा स्पीकर एकटा येत नाही. त्याला शक्ती हवी म्हणून अँप्लिफायर येतो. शंभर वॉटचा अँप्लिफायर भर आवाजात बारा व्होल्टच्या बॅटरीतून आठ-दहा अँपिअर सहज खेचतो. जुना डायनामो दिवे आणि इंजिन सांभाळून एवढे देता देता धापा टाकतो. म्हणून डायनामो जाऊन अल्टरनेटर येतो. १९६७ पर्यंतच्या एम. जी. बी. मध्ये बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. आजची उपकरणे ऋण टोक तिथे आहे असे गृहीत धरतात. न कळता जोडणी केली तर उपकरण जळते. म्हणून साऱ्या गाडीची जोडणीच उलटी करावी लागते. काचतंतूंच्या गाडीत अंगातून वीज परतत नाही, म्हणून नव्या तारा ओढाव्या लागतात, आणि ठिणगीची खरखर अडविणारा पत्रा नसल्यामुळे तिचाही बंदोबस्त करावा लागतो. यातला प्रत्येक बदल एकटा पाहिला तर निर्दोष आहे. उपाधी म्हणतात तिचे याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही: एका इच्छेने दुसरीला हाक मारली आणि शेवटी मोटार स्पीकरसाठी उरली.

ही साखळी तोडण्याची युक्ती शास्त्रातच आहे. एका वॉटवर एक मीटर अंतरावर ८८ डेसिबेल देणाऱ्या स्पीकरऐवजी ९१ डेसिबेल देणारा घेतला, तर तितक्याच आवाजाला निम्मीच शक्ती पुरते. अल्प शक्तीत समाधान मानणारा स्पीकर शोधावा. अँप्लिफायरचा प्रश्नच पुष्कळदा उद्भवत नाही. दुकानदार हे आपण होऊन सांगत नाही, कारण त्याला साखळीच विकावयाची असते.

आणि मग कोणासाठी ऐकायचे, हा प्रश्न. छत उघडे असलेल्या मोटारीला भिंती नाहीत. मालकाच्या कानाला पुरेल एवढा आवाज वेगात वाऱ्याशी झगडून काढावा लागतो, आणि गाडी गल्लीत शिरून मंदावली की तोच आवाज साऱ्या आळीवर कोसळतो. २००० सालच्या नियमांनी निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेलची मर्यादा घातली आहे. ती पाळण्यात आपण देवस्थानवालेही फारसे आदर्श नाही. शिखराशेजारी बांधलेला कर्णा पहाटे काय करतो हे ठाऊक असताना मोटारवाल्या तरुणाला उपदेश करण्याचा अधिकार आपला किती, हे ज्याने त्याने पाहावे.

तरुणाचे नाव निघाले म्हणून त्याची बाजूही सांगतो, कारण माझा कौल शेवटी तिकडेच झुकतो. मुकी गाडी शेडमध्ये पडून राहते. पडून राहिलेल्या गाडीच्या टाकीत गंज धरतो, रबर कडक होते, उंदीर तारा कुरतडतात, आणि एक दिवस ती भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर जाते, मूळच्या स्पीकरांसकट. नातू जर भीमसेनांचा पूरिया ऐकत धारवाडपर्यंत जाऊन येईन म्हणून गाडी धुऊन बाहेर काढणार असेल, तर त्याला स्पीकर बदलू द्यावेत. दार कापू देऊ नये. जुने स्पीकर कोरड्या कापडात गुंडाळून ठेवावेत, कुठली तार कुठे होती याचा कागद मिस्त्रीकडूनच लिहून घ्यावा, त्यावर तारीख घालावी, आणि तो गाडीच्या नोंदणीच्या कागदांतच ठेवावा. वेगळा ठेवला तर हरवतो.