साहेबाची बखर

१७७८ च्या नोव्हेंबरात कंपनीची फौज मुंबईहून निघून पनवेल बंदराला लागली. बरोबर राघोबादादा होते आणि त्यांना पुण्याच्या गादीवर बसवायचा बेत होता. माणसं चार हजारांच्या आसपास, पण त्यांच्यामागे बैल एकोणीस हजार! घाट चढल्यावर हे लटांबर दिवसाला मैलभरही सरकेना. कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला, तळेगाव जळालेलं हाती लागलं आणि जानेवारीत वडगावला साहेबांनी नाक मुठीत धरून तह केला. या फजितीची सविस्तर हकिकत इंग्रजीत लिहिणारा जेम्स ग्रँट डफ स्वतः कंपनीच्याच मुंबई फौजेतला कप्तान होता. मुंबई सरकारचा उतावळेपणा आणि सेनापतींची घाबरगुंडी यांपैकी काहीही त्याने झाकलेलं नाही. स्ट्युअर्टला मावळातले लोक ‘फाकडा’ म्हणून आठवतात, हेही त्याने टिपून ठेवलं.

हे आधी सांगायचं कारण असं की, ग्रँट डफ म्हटलं की आपल्यापुढे मराठ्यांना लुटारू ठरवणारा गोरा इतिहासकार एवढंच चित्र उभं राहतं. ते अगदी खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं पाहायचं तर त्याचं पुस्तक उघडावं लागतं, आणि ते फारसं कोणी उघडत नाही.

डफचा जन्म १७८९ चा, स्कॉटलंडमधल्या बॅन्फचा. विशीच्या आतच तो मुंबईच्या फौजेत दाखल झाला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि एल्फिन्स्टनने त्याला साताऱ्याला छत्रपती प्रतापसिंहांपाशी नेमलं. तेव्हा त्याने तिशीही गाठली नव्हती. चार वर्षं राज्याची घडी बसवता बसवता त्याने राजघराण्याचे, देवस्थानांचे आणि सरदार-कारकुनांच्या घरचे कागद गोळा केले. डोकेदुखीने तो हैराण असे, तरी काम थांबलं नाही. प्रकृतीने अगदीच साथ सोडली तेव्हा तो मायदेशी परतला आणि १८२६ मध्ये लंडनला मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. मरे या नामांकित प्रकाशकाला मथळ्यात मराठ्यांचं नाव नको होतं, कारण विलायतेत त्यांना ओळखतो कोण? डफने मथळा बदलला नाही. शेवटी पुस्तक लाँगमनने काढलं.

त्यानंतर चारेक वर्षांतच ते मराठीत आलं. भाषांतर करणारे कॅप्टन डेव्हिड केपन हेही मुंबई फौजेतलेच, आणि त्यांच्या हाताशी होते बाबा साने. ‘मराठ्यांची बखर’ या नावाने ते शाळांमधून शिकवलं जाऊ लागलं. म्हणजे मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांनी आपला इतिहास छापील पुस्तकात पहिल्यांदा वाचला तो एका गोऱ्या कप्तानाने लिहिलेला आणि दुसऱ्या गोऱ्या कप्तानाने मराठीत आणलेला. घरात आजीकडून ऐकलेला अफझलखानाचा वध वेगळा आणि शाळेत परीक्षेपुरता पाठ केलेला वेगळा. ही विसंगती कधी ना कधी बाहेर पडणारच होती.

ती पडली १८६७ मध्ये. डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने पुण्याच्या सभेत डफच्या बखरीवर टीका करणारा निबंध वाचला. त्याचं वेगळेपण रागात नव्हतं, राग तर पुष्कळांना होता. डफने कोणती साधनं पाहिली, कोणती पाहिली नाहीत, कुठे मुसलमानी तवारिखांवर आणि इंग्रजी दप्तरांवर नको इतकी भिस्त ठेवली, लढायांच्या भरात लोकांच्या धर्माकडे आणि राहणीकडे कसं दुर्लक्ष केलं, हे त्याने एकेक करून मांडलं. टीका करता करता एक अडचणही सर्वांच्या लक्षात आली. डफ चुकला हे सिद्ध करायचं, तर कागद हवेत. ते कुठे आहेत?

पुढची पन्नास वर्षं महाराष्ट्र या प्रश्नाचं उत्तर शोधत होता. १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक निघालं आणि बखरी छापून येऊ लागल्या. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी मिरजेत पटवर्धनांचं दप्तर उलगडलं. १८९८ मध्ये राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. पानिपतच्या पत्रांना जोडलेल्या त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी डफची उलटतपासणीच घेतली. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. डफने वापरून झालेले कागद जाळले, असा प्रवादही या काळात पसरला. पण कुठल्या हस्तलिखिताची नक्कल आपण मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवली, हे त्याने स्वतःच तळटिपांत नोंदवलेलं आहे. जाळायचं असतं तर नकला करून ठेवायचा खटाटोप कशाला केला असता? अ. रा. कुलकर्णी यांनी पुढे डफवर स्वतंत्र पुस्तक लिहून प्रशासक आणि इतिहासकार अशा दोन्ही अंगांनी त्याला तोललं, तेव्हा कुठे मराठीत हा माणूस माणूस म्हणून दिसला.

सर्वांत मुद्देसूद उत्तर न्यायमूर्ती रानड्यांचं. मराठ्यांचा उदय डफला सह्याद्रीतल्या वणव्यासारखा वाटला होता. त्याच्या मते वाळलेल्या गवतात ठिणगी पडली आणि डोंगर पेटला. रानड्यांनी १९०० च्या आपल्या ग्रंथात नेमकं याच्यावर बोट ठेवलं. संत, भाषा आणि गावगाड्यातली माणसं यांनी आधी जमीन तयार केली होती, हा योगायोग नव्हे, असं त्यांचं म्हणणं. फाल्गुन-चैत्राच्या रात्री प्रबळगडाच्या आणि माथेरानच्या उतारांवर लाल रेघ सरकताना पनवेलकरांनी पुष्कळदा पाहिली असेल. डोंगराखालच्या माणसाला हेही ठाऊक असतं की वणवा सहसा आपोआप लागत नाही, कोणीतरी तो लावलेला असतो. डफने डोंगर डोळ्यांनी पाहिला होता, पण ही गोष्ट त्याने कोणाला विचारली नाही.

आता थोडं दूर जाऊ. विसाव्या शतकातला असाच एक ब्रिटिश लढवय्या लेखक म्हणजे टी. ई. लॉरेन्स, अरबस्तानचा लॉरेन्स. १९२७ पासून दोन वर्षं तो कराची आणि वायव्य सरहद्दीवर हवाई दलात साधा शिपाई म्हणून राहिला आणि १९२९ च्या जानेवारीत मुंबईहूनच बोटीने परतला. त्याच्यावर जपानी भाषेत जे काम झालं ते पाहून आपण थक्क व्हावं. नाकानो योशिओ या इंग्रजीच्या अभ्यासकाने १९४० मध्ये, म्हणजे जपान युद्धात बुडालेला असताना, त्याचं चरित्र लिहिलं आणि १९६३ मध्ये ते सुधारून पुन्हा काढलं. लॉरेन्सच्या ‘सेव्हन पिलर्स ऑफ विझडम’ या अरब बंडावरच्या पुस्तकाचं काशिवाकुरा तोशिझो यांचं भाषांतर १९६९ पासून तीन खंडांत आलं. मूळ पुस्तकाचा १९२२ चा अधिक मोठा पाठ उपलब्ध झाल्यावर तासुमी त्सुनेओ यांनी तो २००८-०९ मध्ये पाच खंडांत नव्याने केला.

जपानचं लॉरेन्सशी ना देणं, ना घेणं. त्यामुळे जपानी वाचक निवांतपणे त्याचं गद्य चाखू शकतो. त्या माणसाचा एकाकीपणा आणि स्वतःवरचा अविश्वास यांत रमू शकतो. अरबांना ही चैन परवडणारी नव्हती. जॉर्डनच्या सुलेमान मूसा यांनी १९६२ मध्ये अरबीत पुस्तक लिहिलं आणि अरबी साक्षी-पुरावे मांडून विचारलं की लढले आम्ही आणि नायक हा कसा? आपले कीर्तने म्हणजे जवळपास शंभर वर्षं आधीचे मूसा. आपल्या बाजूचंच उदाहरण घ्या. पनवेलजवळचा कर्नाळा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला. त्याच्या किल्लेदाराचा नातू, क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके, पुढे १८४५ मध्ये पायथ्याजवळच्या शिरढोणला जन्मला. अशा घरातल्या माणसाच्या हाती डफ पडला तर तो शैली बघत बसणार नाही, आधी आपला किल्ला शोधील.

दोन्ही तऱ्हा मला खऱ्या वाटतात. तिऱ्हाईताच्या वाचनातून पुस्तकाला दर पिढीत नवं भाषांतर मिळतं. वादीच्या वाचनातून कागद बाहेर येतात, संस्था उभ्या राहतात. मराठी इतिहाससंशोधन हे एका न पटलेल्या पुस्तकाचं फळ आहे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही. चिंतेची बाब वेगळीच आहे. ना तिऱ्हाईत, ना वादी अशी तिसरी तऱ्हा आता फोफावली आहे. तिला पुस्तक लागतच नाही, ऐकीव वाक्य पुरतं. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला तो एका परदेशी अभ्यासकाच्या शिवचरित्राचा राग काढायला, आणि मोडतोड झाली ती आपल्याच पोथ्यांची, कपाटांची. कीर्तन्यांच्या रागातून दप्तरं उघडली होती. या रागाने ती विस्कटली.

म्हणून एक साधी गोष्ट सुचवतो. रायगड जिल्ह्यातल्या कॉलेजांनी डफचं वडगाव मोहिमेचं प्रकरण वर्गात घ्यावं. शेजारी पेशवे दप्तरातली त्या मोहिमेची मराठी पत्रं ठेवावीत आणि मुलांना जुळणी करू द्यावी. पनवेलपासून घाटापर्यंतचा रस्ता त्यांच्या पायाखालचा आहे. डफ कुठे बरोबर आहे, कुठे चुकला आणि कुठे त्याने बघितलंच नाही, हे ती स्वतः ठरवतील. काहींना तो लेखक म्हणून आवडेलही, आणि त्यात कुणाचा अपमान नाही. त्याला खोडून काढायचा हक्क कीर्तन्यांनी त्याची बखर बारकाईने वाचून कमावला होता. तो वारशाने आपल्याकडे येत नाही.